पिलाची जागा

वसईतल्या नंदाखालच्या आमच्या वाडीत केळीचं बेट कधी एका वयाचं नसतं. लोंगराच्या भारानं वाकलेली, टेकू दिलेली एक केळ. तिला लागून अजून न व्यायलेली दुसरी. आणि दोघींच्या पायाशी, तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं उभारून वर आलेलं पील. आजी, आई, नात एकाच कंदावर. आयुष्याचे टप्पे म्हटले की लोक बालपण, तारुण्य, म्हातारपण असे एकामागून एक मोजतात. मी ते आधी असे शेजारी शेजारी उभे पाहिले, म्हणून वयाचा विचार मला बेटाशिवाय करता येत नाही.

केळ एकदाच विते. लोंगर उतरला की त्या खोडाला पुन्हा फळ नाही. तरी माझी आजी ते खोड बुंध्यापासून तोडू द्यायची नाही. कमरेइतकं उभं ठेवायला लावायची. "पिलाला पिऊ दे अजून," म्हणायची. उभ्या खोडातला ओलावा आणि कस हळूहळू पिलाकडे उतरतो, हे शेतीच्या पुस्तकात मी फार नंतर वाचलं. ती कोयतीही तितकीच चालवायची. पाच-सहा पिलं आली की एक जोमदार ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. लहानपणी मला ती निष्ठुर वाटे. चाळिशी उलटल्यावर, हाती घेतलेल्या दहा कामांपैकी एकही धड पोसलं जात नाही असं दिसू लागलं, तेव्हा तिची कोयती आठवली.

पाऊस संपला, ऊन खणखणीत पडू लागलं की आगाशीकडे सुकेळ्यांचे दिवस येतात. पिकलेली राजेळी सोलायची, दिवसभर उन्हात ठेवायची, रात्री दवापासून झाकायची. असं कितीतरी दिवस. पाणी जातं, केळं आखडतं, पिवळ्याचं तांबूस होतं आणि गोडी दाट होते. मग ते केळीच्याच सुकल्या पानात बांधायचं. यात उन्हाइतकंच झाकण्याला महत्त्व आहे, असं मला वाटतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसा अंगणात, माणसांत बसवावं लागतं आणि सांजावलं की कुणीतरी पांघरूण घालावं लागतं. नुसतं वय झालं म्हणून कुणी गोड होत नाही.

वयाबरोबर दाट होत गेलेली अशी गोडी मला आठवते ती आमच्या नंदाखालच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची. 'सुवार्ता' मासिक त्यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत सांभाळलं. 'हरित वसई'च्या चळवळीत ते इथल्या वाड्या आणि पाणी वाचवायला लोकांसोबत रस्त्यावर उतरले. संपादकपद दुसऱ्या हाती गेल्यावर 'सुबोध बायबल' वाचकांपुढे आलं आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. तेव्हा शरीर साथ देत नव्हतं. तरी ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला, ऐन पावसात, ते गेले. १५७३ मध्ये स्थापन झालेल्या नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चमध्येच त्यांचा अंत्यविधी झाला. त्या दिवसांत वाड्यांमधून पाणी साचलेलं असतं आणि पिलं दिसामासी वाढत असतात.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते बावखलानं. वाडीतलं हे गोड्या पाण्याचं तळं पावसाळ्यात काठोकाठ भरतं, सगळं वर्ष आसपासच्या विहिरींना धरून ठेवतं आणि वैशाखात आटत आटत तळाशी जातं. आजीचं शेवटचं वर्ष तसंच होतं. सकाळी काय जेवली ते दुपारी सांगता येत नसे. पण लग्नात नेसलेल्या लाल लुगड्याची घडी, राहाटाच्या बैलाचा स्वभाव, पहाटे मोगरा खुडताना पायाखाली लागणारी गार माती, हे सगळं तिच्या बोलण्यात लख्ख वर येई. आम्ही तिला आजचा वार विचारत बसलो, ती चुकली की सुधारत बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाणी खाली गेलं होतं म्हणून बुडालेल्या पायऱ्या दिसत होत्या. त्या पाहायला आमच्याकडे तेवढाच उन्हाळा होता.

तळ उघडा पडला की पूर्वी माणसं बावखलात उतरत, गाळ काढत. तो काळा, मऊ गाळ केळीच्या बुंध्याशी पडे. त्यासारखं खत नाही. आणि मोकळ्या झालेल्या बावखलात येणारा पाऊस जास्त मावे. हे काम फक्त आटल्यावरच करता येतं, भरल्या बावखलात नाही.

आता आटलेलं बावखल दिसलं की लोकांना तिथे मोकळी जमीन दिसते. डंपर येतो, माती पडते, दोन पावसाळ्यांत वर भिंती उभ्या राहतात आणि शेजारच्या विहिरींचं पाणी खारट होऊ लागतं. तुमच्या वाडीत अजून बावखल असेल, तर या वैशाखात एक दिवस काढा. मुलांना बरोबर घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काठावर खुर्ची टाकून बसवा, आणि गाळ काढायला उतरा. भराव तेवढा टाकू नका.