जंगलातल्या जीपचे हृदय

१/ आलापल्लीच्या आमच्या अंगणात आजोबांची पेट्रोल जीप वीस वर्षे मुकी उभी होती. इंजिन उघडले, तर एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, डिझेल इंजिन टाकून घ्या."

२/ हे इंजिन 'हरिकेन'. विलीज कंपनीने युद्धकालीन जीपच्या इंजिनाचे बोर व स्ट्रोक कायम ठेवून इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले; एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. भारतात १९४७ पासून विलीज जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्रांच्या गाड्यांत पुढे तेही आले.

३/ मग सुटे भाग दुर्मीळ का? १९७३ नंतर पेट्रोल भडकले. कालांतराने असंख्य जीपांत डिझेल इंजिने बसली आणि हरिकेन किलोच्या भावाने भंगारात गेले.

४/ जुना व्हॉल्व्ह खिशात घेऊन मी चंद्रपूर, नागपूर पालथे घातले. अखेर मुंबईत, कुर्ल्याच्या भंगारबाजारात, एका गंजक्या डब्यात त्याचा जोडीदार सापडला. पेस्ट लावून तो सीटवर घासून बसवला.

५/ इंजिन सुरू झाले, तेव्हा आजी ओसरीवर आली. क्षणभर ऐकत राहिली. म्हणाली, "हा त्यांच्याच गाडीचा आवाज." डिझेल बसवले असते, तर जीप धावली असती, हे वाक्य मात्र मला कधीच ऐकायला मिळाले नसते.