सही-शिक्क्याची नक्कल

चार-सहा पाने, डाव्या कोपऱ्यात ओवलेला दोरा, पानापानावर न्यायालयाचा जांभळट गोल शिक्का आणि त्याला लागून कोर्टाच्या अधिकाऱ्याची सही. शेवटच्या पानाच्या पाठीवर रबरी शिक्क्याने उमटवलेली एक चौकट: अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. त्याखाली दोन छोट्या सह्या. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. एवढाच तिचा साज. तालुक्याच्या न्यायालयातून ती बाहेर पडते ती बहुधा कोणाच्या तरी कापडी पिशवीतून, पासबुक आणि सातबाऱ्याच्या शेजारी बसून.

तिची आई कधीच घराबाहेर पडत नाही. निकाल, हुकूमनामा, दाव्याची कैफियत, साक्षीदाराची जबानी, पंचनामा हे मूळ कागद एकदा न्यायालयाच्या फाइलीत लागले की तिथेच राहतात. निकालानंतर ते अभिलेख कक्षात जातात. जगात वावरायचे काम या लेकीचे. तलाठ्यासमोर, बँकेत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, वरच्या कोर्टात आईच्या वतीने ती उभी राहते. हा मान तिला कायद्याने दिला आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तिच्यासाठी 76 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 75 वे झाले. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने मागितल्यावर आणि फी भरल्यावर अधिकाऱ्याने त्याची नक्कल द्यायची, खाली ती खरी असल्याचे लिहून तारीख, सही, हुद्दा आणि शिक्का घालायचा. अशी रीतसर नक्कल समोर आली की न्यायालय ती खरी आहे असे धरूनच पुढे जाते.

हा विश्वास तिने स्वभावाने कमावला आहे. ती पदरचे काही बोलत नाही. मुळात वादीचे नाव सखारामऐवजी सकाराम पडले असेल, तर ती सकारामच सांगणार. गट नंबर चुकला असेल, तर चुकलेलाच देणार. दुरुस्ती हवी असेल तर न्यायाधीशांकडे अर्ज करून मूळ कागद दुरुस्त करून घ्यायचा, मग तीही बदलेल, त्याआधी नाही. झेरॉक्स यंत्र येण्यापूर्वी ती टंकलेखन यंत्रावर जन्मायची, त्याआधी बोरूने. तेव्हा रुजवात म्हणजे खरोखरची बैठक असे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट; दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवत ऐकायचे. आता पाने यंत्रातून निघतात, पण ती मुळाशी ताडून पाहणाऱ्याची सही अजून लागते, आणि मला या कागदावरची सगळ्यात मोलाची सही तीच वाटते. न्यायाधीश बदलतात, वकील बदलतात. हे अक्षर त्या अक्षराशी जुळले, याची हमी घेणारा माणूस त्या दोन इंच शाईत कायम राहतो.

एक गोष्ट मात्र तिच्याबद्दल समजून घ्यायला हवी. अमुक कागद अमुक फाइलीत अमुक शब्दांत होता, एवढीच तिची साक्ष. त्या कागदातले म्हणणे खरे होते की खोटे, यावर ती एक शब्द उच्चारत नाही. साक्षीदार खोटे बोलला असेल, तर त्याचे खोटेही ती जसेच्या तसे सांभाळते.

तिला भेटणे अवघड नाही, पण ती नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखते. नक्कल विभागाच्या खिडकीवर हे रोज दिसते. एखादी म्हातारी बाई येते. सासऱ्यांनी भाऊबंदांवर वाटपाचा दावा केला होता, पासष्ट-सहासष्ट साली, निकाल आपल्यासारखा लागला होता, एवढे तिला पक्के माहीत असते. खिडकीतून प्रश्न येतो, "मुकदमा नंबर काय, मावशी?" आणि तिथे सगळे अडते. शेताची बांधबंदिस्ती तोंडपाठ असलेल्या त्या बाईला रे.मु.नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, कोणी कधी सांगितलेलाच नसतो. खिडकीतला कारकून वाईट नसतो. त्याच्यामागे हजारो गठ्ठे असतात आणि ते सालवार, नंबरवार लावलेले असतात.

अशा वेळी हताश होऊन परत फिरू नये, नंबराचा माग काढावा. पहिले ठिकाण आपले घर. जुन्या ट्रंकेत समन्स, वकीलपत्राची प्रत, कोर्ट फीची पावती, वकिलाचे एखादे पोस्टकार्ड, काहीही सापडले तरी त्यावर नंबर आणि साल असते. दुसरे ठिकाण सातबाऱ्यावरचा फेरफार. कोर्टाच्या हुकुमावरून नोंद झाली असेल, तर जुन्या फेरफार नोंदीत दाव्याचा उल्लेख सापडतो. तिसरे, त्या वेळच्या वकिलांचे दप्तर. तालुक्याच्या गावी वकिली घराण्यात चालत आलेली असते आणि जुन्या डायऱ्या टिकलेल्या असतात. आणि शेवटचे, खुद्द न्यायालयातली दावा नोंदवही. दाखल झालेला प्रत्येक दावा तिच्यात वादी-प्रतिवादीच्या नावासह उतरवलेला असतो. साल अंदाजे ठाऊक असेल तर शोधाचा अर्ज देता येतो.

कुठल्या न्यायालयात शोधायचे, हाही प्रश्न असतो, कारण माणसे जागच्या जागी राहिली तरी जिल्हे हलले. जालना आणि सिंधुदुर्ग 1981 साली झाले, लातूर आणि गडचिरोली 1982 साली, नंदुरबार आणि वाशिम 1998 साली, पालघर तर 2014 साली. त्याआधीच्या खटल्याचा शोध घेताना जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही चौकशी करायला हवी. पालघरच्या माणसाने ठाण्याला, नंदुरबारच्या माणसाने धुळ्याला विचारावे. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत निघतात, गोव्यात 1961 पूर्वीचे पोर्तुगीजमध्ये, आणि इकडे जुन्या दाव्यात निशाणी म्हणून, म्हणजे क्रमांक घालून, दाखल केलेले खत किंवा गहाणखत मोडीत. नक्कल आपल्या आईच्याच भाषेत आणि लिपीत बोलते. ती वाचून देणारा जाणकार आपण शोधायचा.

नंबर मिळाला की पुढचे सोपे. नक्कल अर्जावर न्यायालयाचे नाव, दावा किंवा खटला क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचे, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. "सगळी फाइल द्या" असे लिहिणाऱ्याचे पैसेही जातात आणि दिवसही. आधी फाइल पाहण्याचा अर्ज करावा, वही घेऊन बसावे, कोणत्या निशाणीला काय आहे ते टिपून घ्यावे. निशाणी 1 ला बहुधा दावा, मग कैफियत, मुद्दे, जबान्या, निकाल. रोजनामा वाचायला चुकू नये. कोणत्या तारखेला काय घडले, कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, हे त्यात ओळीओळीने असते, आणि दावा इतकी वर्षे का चालला याचे उत्तर निकालपत्रापेक्षा तिथे लवकर मिळते. मग हवी तेवढीच नक्कल मागावी. घाई असेल तर तातडीची मागता येते, तिची फी वेगळी.

खटल्यात पक्षकार असलेल्याला ती हक्काने मिळते. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची असते. हे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दोषारोपपत्राची प्रतही आरोपीला विनामूल्य द्यायची. ज्याचा खटल्याशी संबंध नाही, म्हणजे तुम्ही-आम्ही, अभ्यासक, पत्रकार, जमीन घेऊ पाहणारा माणूस, त्याच्यासाठीही दार बंद नाही. आपल्याला ती का हवी हे लिहून द्यावे लागते आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अनेक जण इथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतात. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले की खटल्याच्या कागदांच्या नकलांसाठी न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनी अर्ज करायचा, माहितीच्या अधिकाराने नाही. हा निर्णय मला पूर्ण पटलेला नाही. कारण लिहून द्यायची अट आली की ते कारण पुरेसे आहे की नाही हे ठरवणारा कोणीतरी आला, आणि उघड्या न्यायालयात झालेल्या निकालासाठी सामान्य माणसाला कारण विचारले जाऊ नये असे मला वाटते. पण आजचा रस्ता तोच आहे आणि तो चालता येण्याजोगा आहे.

काही दारे मात्र ती स्वतःहून बंद ठेवते, आणि ती तशीच राहावीत. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेची ओळख, बालकांचे खटले, दत्तकविधानाचे कागद, कुटुंब न्यायालयातल्या घरच्या गोष्टी. तिथे परक्या माणसाने हात पसरू नये.

तिच्या पाठीवरच्या त्या तारखांकडे पुन्हा एकदा बघायला हवे, कारण लोक तिथे फसतात. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. 1963 च्या मुदत कायद्याच्या 12 व्या कलमाने नक्कल मिळवण्यात लागलेले दिवस त्यातून वजा होतात. पण हे दिवस मोजायला लागतात ते तुम्ही अर्ज केल्यापासून आणि थांबतात नक्कल तयार झाल्यावर. अर्ज न करता घरी बसलेले दिवस आणि तयार नक्कल खिडकीत पडून राहिलेले दिवस तुमच्याच खात्यावर. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी अर्ज करावा, अपील करायचे मनात असो वा नसो.

अशा साध्या कागदाचा महाराष्ट्राच्या इतिहासात केवढा वाटा आहे, हे महाडच्या दाव्यात दिसते. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरात नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा लावला, 1927 चा दावा क्रमांक 405. तळे फक्त सवर्णांचे आहे, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि 25 डिसेंबरला महाडला परिषद भरली तेव्हा तो हुकूम उभा होता. तळ्यावरचा सत्याग्रह थांबवावा लागला. पुढे मनाई उठली. मूळ दावा 1931 साली महाडला निकाली निघाला, 1933 साली ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निर्णय दिला: वादी सांगतात ती वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही. महाडहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला हा दावा गेला तेव्हा कायद्याप्रमाणे प्रत्येक अपिलाला खालच्या कोर्टाच्या निकालाची आणि हुकूमनाम्याची नक्कल जोडावी लागत होती. सभा, भाषणे, वर्तमानपत्रे यांत महाड आपल्याला भेटतेच. पण वहिवाट म्हणजे काय, ती किती जुनी असली पाहिजे, पुराव्याचे ओझे कोणावर, ही लढाई तालुक्याच्या कोर्टातल्या जबान्यांवर आणि निशाण्यांवर लढली गेली. आपल्या गावच्या न्यायालयातही पाणवठ्याचे, देवस्थानाच्या जमिनीचे, कुळाचे, बांधाचे असे कितीतरी दावे पडून आहेत. गावाचा खरा इतिहास लिहायचा असेल, तर त्या नकला मागायलाच हव्यात.

आता तिला एक धाकटी बहीण झाली आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर खटल्याची स्थिती, पुढची तारीख, निकाल घरबसल्या दिसतात. पक्षकाराच्या नावाने, खटला क्रमांकाने, वकिलाच्या नावाने शोधता येते. प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या तालुका किंवा जिल्हा न्यायालयाचा असेल तर एमएच या अक्षरांनी सुरू होणारा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी न्यायालयांत ई-सेवा केंद्रे उघडली आहेत. ही धाकटी चपळ आहे आणि तिने गरीब पक्षकाराचे कित्येक हेलपाटे वाचवले. पण तिच्या अंगावर शिक्का नाही. तिच्यावरून माहिती घ्यावी, नंबर काढावा. तलाठ्याकडे किंवा अपिलात उभे राहायला थोरलीच लागते. आणि म्हाताऱ्या मावशींचा पासष्ट सालचा दावा धाकटीकडे बहुधा सापडणार नाही, त्यासाठी खिडकीवरच जावे लागेल.

अभिलेख कक्षातले सगळे कायम राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. 1917 चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आहे, उच्च न्यायालयाचे त्याबाबतचे नियम आहेत. काही कागद कायम जपायचे असतात, बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केले जातात, आणि जबान्या व किरकोळ अर्ज निकालपत्राइतके जगत नाहीत. तेव्हा घरात कोणाचा दावा झाला असेल, सुरू असेल, तर त्याचे साल, नंबर आणि न्यायालय आजच एका वहीत लिहून ठेवा, आणि निकालाची व हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून आणा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, बालकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कैद्यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे.