कोड्याची किल्ली

शब्दकोडे हा फावल्या वेळचा उद्योग समजला जातो. आम्हांस मात्र त्याने वाचावयास शिकविले.

१९८८ च्या सुमारास नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही चार-पाच महाविद्यालयीन विद्यार्थी होतो. मराठी वृत्तपत्रातील आडवे-उभे शब्द आम्ही चहा निवण्यापूर्वी भरीत असू. इंग्रजी वृत्तपत्रातील गूढ कोडे मात्र दाद देत नसे. शब्दकोश उशाशी, प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक, तरी उत्तर नाही. ‘ते कॉन्व्हेंटवाल्यांचे काम’, असे लोक म्हणत. आमच्या मजल्यावर गिरगावातील एका छापखान्यात मुद्रितशोधन करणारे एक काका राहत. ते एकदा म्हणाले, “बाळांनो, यात जन्मजात काही नाही. नियम आहेत, ते कुणीतरी सांगावे लागतात, इतकेच.”

आणि त्यांनी ते सांगितले. प्रत्येक शोधसूत्राचे दोन भाग असतात. आरंभी किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ; उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरे जुळविण्याची कृती. ‘विस्कटले’ म्हणजे अक्षरांची अदलाबदल, ‘परतले’ म्हणजे उलटे वाचन, ‘शेपूट’ म्हणजे शेवटचे अक्षर. कंसातला आकडा अक्षरसंख्येचा. वाक्य एकसंध भासते. त्यातला सांधा शोधावयाचा.

काकांनी मराठीतच सूत्रे रचून दिली. ‘नेहमी उलटा चालणारा गुलाम (२)’. नेहमी म्हणजे ‘सदा’. उलटा वाचला की ‘दास’. ‘मगधाची राजधानी दादरमध्ये (४)’ याला दोन्ही अंगांनी एकच उत्तर, ‘राजगृह’. आणि ‘पुतळे पाहा, आत जलाशय आहे (२)’. पुतळे म्हटले की मन चौकात धावते. नजर शब्दावरच ठेवावी लागते. पु-तळे. ‘तळे’ सापडले तेव्हा आम्हां सर्वांना महाड आठवले.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले. गूढ वळण त्याला इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात मिळाले. त्याची नीती पुढे ‘झिमेनीस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या ग्रंथात मांडली. ते एका निवासी शाळेत शिक्षक होते, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. कोडेकाराने जरूर चकवावे. पण अक्षरशः वाचले असता सूत्र खरे ठरलेच पाहिजे, हा सोडविणाऱ्याचा हक्क त्यांनी आग्रहाने जपला.

इतिहासाची कागदपत्रे असा हक्क देत नाहीत. १९२३ च्या बोले ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. केवळ ठराव वाचणारास प्रश्न मिटलासे वाटेल. मग २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह का करावा लागला? ‘खुले’ या शब्दाशी थांबून, कोणासाठी, कोणाच्या हुकमाने, प्रत्यक्षात कधी, असे विचारण्याची सवय आम्हांला त्या चाळीच्या गॅलरीत लागली. आज वर्गात आम्ही तीच देऊ पाहतो. दर शनिवारी फळ्यावर एक सूत्र लिहितो.

माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या क्षेत्रातील न सांगितलेले नियम धाकट्यांना सांगावेत. बँकेचे, न्यायालयाचे, मुलाखतीचे असे नियम असतातच, आणि ते ठाऊक नसलेला मुलगा स्वतःलाच कमी समजू लागतो.

आता एक सूत्र वाचकांसाठी. उत्तर शाळेतला कोणताही विद्यार्थी सांगेल. ‘शेपूट गमावलेला शिकारी, हाच आपला पहिला मंत्र (२)’.