शिक्क्यांची सुट्टी

मुलांनो, तुम्हाला वाटत असेल, शाळेला सुट्टी लागली की गुरुजींचीही मजाच मजा! फळा पुसला, वर्गाला कुलूप लावलं, की झाले मोकळे. माझ्या दोन मुलांनाही तसंच वाटायचं. पण २०२४ सालच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक आली. आमच्या नाशिकमध्ये २० मे रोजी मतदान होतं. आणि निवडणूक म्हटली की प्राथमिक शिक्षकाला काम आलंच.

मी मुलांना कबूल केलं होतं, या सुट्टीत कोकणात नेऊन समुद्र दाखवीन. प्रशिक्षणाचा आणि कामाचा आदेश हातात पडला आणि समुद्र राहिला कोकणातच! दुसरीतला धाकटा रडला. पाचवीतली लेक रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, शाळेतल्या मुलांना दिलेला शब्दही तुम्ही असाच मोडता का हो?"

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझे वडील आठवले. ते नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात कामाला होते. १९२८ साली सुरू झालेला हा छापखाना तुम्ही ऐकून असाल. दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर नोटांच्या थप्प्या असत, पण घरी द्यायला वेळ मात्र चिल्लरीएवढाच! पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. आम्ही भावंडं गच्चीवर झोपायचो. बाबा आले हे सायकल टेकवल्याच्या आवाजावरूनच कळायचं. पण दर सुट्टीत एक दिवस ते आम्हाला गोदाघाटावर न्यायचे. तो दिवस मला अजून आठवतो.

दोन दिवसांनी मावसभावाचा फोन आला. तो नोकरीसाठी बायको-मुलीसह जपानला, टोकियोत राहतो. मी विचारलं, "काय रे, तुमच्याकडे सुट्टी लागली का?" तो हसला. जपानमध्ये शाळेचं वर्षच एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे मे महिन्यात मुलं शाळेत! जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, मग घामाच्या धारा काढणारा उन्हाळा. मोठी सुट्टी साधारण २० जुलैपासून ऑगस्ट अखेरपर्यंत. तीही मोकळी नाही हं! चित्रांची रोजनिशी लिहायची, आपल्या आवडीच्या विषयाचा स्वतः शोध घ्यायचा.

सगळ्यात गंमत वाटली ती व्यायामाची. तिथे सकाळी साडेसहाला रेडिओवर संगीताच्या तालावर कवायत लागते. हा कार्यक्रमही १९२८ सालापासूनचा, म्हणजे आमच्या छापखान्याच्या वयाचा! सुट्टीत गल्लीतली मुलं बागेत जमतात, कवायत करतात आणि गळ्यातल्या कार्डावर त्या दिवसाचा शिक्का मारून घेतात.

"आणि तू काय करतोस?" मी विचारलं.

"मी सकाळी लोकल पकडतो. घरी येतो तेव्हा लेक झोपलेली असते. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन असतो, पूर्वजांची आठवण काढायचा सण, आपल्या पितृपक्षासारखा. तेव्हा लोक आपापल्या गावी जातात, मलाही सुट्टी मिळते. एरवी मी तिचं कार्ड बघतो. शिक्का दिसला की समजायचं, पोरगी आज खेळली."

फोन ठेवला आणि डोक्यात कल्पना आली. एका पुठ्ठ्यावर मी चौकोन आखले. ठरलं असं : रोज सकाळी सहा ते आठ बाबा मुलांचे. जवळच कुठेतरी जायचं. बाबा आले, तर लेकीने चौकोनात शिक्का मारायचा. शिक्का कुठला? मी वह्यांवर मारतो तोच, 'शाब्बास'चा!

पहिला शिक्का मिळाला गोदाघाटावर. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती मुलांना दाखवला. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. मे महिन्यात मात्र तो पायापर्यंत कोरडा. धाकट्याने विचारलं, "ही नदी शेवटी कुठे जाते?" त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, असं मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, "म्हणजे समुद्राकडे जायचा रस्ता इथूनच आहे!" मी गप्पच झालो.

नंतर पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेली. तिसऱ्या लेण्यात एक मोठा शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या मागे, नातू राज्य करत असताना, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे गुण त्यात कोरवून घेतले. लेक बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजीलाही बाबांचं कौतुक होतं." मी मनात म्हटलं, मला मात्र मुलांना सांगायचं राहूनच जातं.

एका सकाळी गंगापूर धरणाचं आटत चाललेलं पाणी पाहिलं. एका सकाळी त्र्यंबक रस्त्यावर पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली. एकदा तर कुठेच गेलो नाही. आई आणि आजी गच्चीवर कुरडया घालत होत्या, तिथे आम्ही तिघं कावळे हाकत बसलो. चीक खायला मिळाला तो वेगळाच! त्या दिवशीही शिक्का मिळाला.

१९ मेला मतदान यंत्रं घेऊन मी निफाड तालुक्यातल्या एका गावी गेलो. २० तारखेला दिवसभर मतदारांच्या बोटांना शाई लावली. सगळं जमा करून घरी पोचायला मध्यरात्र उलटली. मुलं झोपली होती. कार्ड भिंतीला लटकत होतं. दोन चौकोन रिकामे.

सकाळी मी शाईने माखलेली बोटं दाखवत म्हटलं, "अगं, देशाचं काम करत होतो. एखादा शिक्का दे की!"

ती म्हणाली, "काम चांगलं केलंत बाबा. पण तुम्ही इथे नव्हता ना! खोटा शिक्का कसा मारू?"

माझीच शिकवण माझ्यापुढे उभी राहिली. ते चौकोन तसेच राहिले. त्या कार्डावर सतरा शिक्के आहेत आणि दोन रिकामे चौकोन. ते मी कपाटात जपून ठेवलं आहे.

मुलांनो, तुमचे आई-बाबाही कामात असतील. रागावू नका, पण गप्पही बसू नका. एक पुठ्ठा घ्या, चौकोन आखा आणि त्यांच्या हातात द्या. आणि पालकहो, समुद्र दाखवता आला तर जरूर दाखवा. नाही जमलं तर सकाळचे दोन तास पुरतात.