कुणी न पेरलेली भाजी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालले असताना आघाडा आणि टाकळा यांच्या डहाळ्या अंगावरून फिरवण्याची जुनी रीत आहे. आता पुष्कळ घरांतून ती गेली. उटणे राहिले, सुवासिक साबण राहिला, डहाळ्या गेल्या. जिथे ती रीत अजून पाळतात, तिथेही "यातला टाकळा कोणता?" असे विचारले तर सांगणारे थोडेच निघतील. त्यांचा तरी काय दोष? आश्विनात टाकळा कमरेएवढा वाढून शेंगांनी लगडलेला असतो. त्याची खरी ओळख व्हायची ती आषाढात, तो बोटभर असताना. आणि तीही न्हाणीघरात नव्हे, चुलीपाशी.

मी मुरबाडकडच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे पावसाची वर्दी वेधशाळेआधी भाज्या देतात. वळवाच्या सरी येऊन जातात न जातात तोच शेवळे जमिनीतून डोके वर काढतात. मग टाकळा, कुर्डू, कवळा, फोडशी, भारंगी अशी रांगच लागते. गावोगावच्या बाया या भाज्यांच्या जुड्या बांधून पहाटेच्या एस. टी.ने कल्याणच्या बाजाराला जातात. तिथे गोणपाट पसरून बसलेल्या बाईपुढे शहरातली मंडळी क्षणभर थांबतात, "ही कसली हो भाजी?" म्हणून विचारतात, उत्तर नीट ऐकून घेतात आणि पुढे जाऊन पालकाची जुडी घेतात!

या भाज्यांचे एक दुर्दैव आहे. त्या कुणी पेरत नाही, म्हणून त्या कुणाच्या नाहीत. आणि कुणाच्या नाहीत म्हणून त्यांना मान नाही. वर्षातून एकदा, ऋषिपंचमीला, त्यांचे भाग्य उजळते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नसते, तेव्हा न नांगरलेल्या जमिनीतली भाजी चढ्या भावाने शोधून आणतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा 'पाला' होते.

हा 'पाला' शब्द माणसाला किती लागू शकतो, ते मी वर्गात पाहिले आहे. नववीतली एक मुलगी डब्याचे झाकण अर्धेच उघडून जेवायची. आत नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी असे. कुणीतरी "ही पाला खाते" म्हणाले होते. पुढे तिने डबा आणणेच सोडले. एके दिवशी परिपाठ चालू असताना ती घेरी येऊन खाली बसली. तपासणीत रक्त फार कमी निघाले.

ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी द्यायची असते, ती त्यासाठीच. तिच्यात दोन द्रव्ये असतात : लोह आणि फॉलिक ॲसिड. या दुसऱ्या द्रव्याची कथा आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टचा अर्क दिला तेव्हा त्या बाया सुधारल्या. १९३१ साली विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केले. परंतु त्या अर्कात नेमके काय होते, ते कळायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून ते द्रव्य मिळवले आणि लॅटिनमधल्या 'फोलियम' या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. फोलियम म्हणजे पान. मी गोळ्या वाटते तेव्हा मला याची हटकून आठवण होते. वर्गाच्या खिडकीबाहेर टाकळा माजलेला असतो आणि खिडकीच्या आत मी पानाचे नाव धारण केलेली गोळी वाटत असते.

म्हणून गोळी टाकून पाला खा, असे मात्र मी कुणाला सांगणार नाही. रक्त एकदा खाली गेले की ते नुसत्या भाजीने वर येत नाही. पानातले लोह शरीराला पुरते घेताही येत नाही. जेवणात लिंबू असेल तर ते अधिक घेता येते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. पानांतले कॅरोटीन अंगी लागायला थोडे तेल हवे. कित्येक पानांत ऑक्झॅलिक ॲसिड असते आणि ते कॅल्शियमला धरून ठेवते. उकडून पाणी टाकले की ते कमी होते, पण त्या पाण्याबरोबर थोडे जीवनसत्त्वही जाते. तरी हिशेब पानाच्याच बाजूने पडतो. शेवग्याचेच पाहा ना. त्याच्या १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमवर कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत. ज्या घरात दूध विकायला जाते, त्या घराने हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि गंमत अशी, की हे सारे शास्त्र न शिकलेल्या बायांच्या हातांत होतेच. त्या मुलीच्या आजीकडे मी मुद्दाम गेले. म्हातारी मोठी बोलकी. भारंगी कडू, ती उकडून, पिळून मग वालाबरोबर करायची. टाकळ्यात फणसाच्या आठळ्या घालायच्या, वर ओले खोबरे पेरायचे. शेवळे काकडांशिवाय शिजवायची नाहीत, नाहीतर घसा धरतो. (त्यांतल्या ऑक्झलेटच्या बारीक सुयांचा तो प्रताप!) न ओळखलेल्या पानाला हात लावायचा नाही.

"आणि बाई, वरचा कोवळा शेंडा खुडायचा," ती म्हणाली, "खालचं रानाचं."

मी वर्गाला काम लावून दिले. प्रत्येकाने घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत चार रकाने भरायचे : भाजीचे नाव, कुठे मिळते, कशी करतात, काय सांभाळायचे. कुणी चार नावे आणली, कुणी सात. त्या मुलीने एकोणीस आणली. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती गोळा होऊन 'कवळा आणि टाकळा वेगळा कसा ओळखायचा' ते विचारत होत्या, आणि ती जरा तोऱ्यातच सांगत होती.

वही तपासताना मात्र मी थबकले. 'कुठे मिळते' या रकान्यात तिने पाच-सहा ठिकाणी 'आमच्या बांधावर' असे लिहून पुढे कंसात 'होती' असे घातले होते. मी विचारले. ती सहज म्हणाली,

"बाई, यंदा बांधावर औषध मारलंय."

तणनाशकाला आमच्याकडे औषधच म्हणतात. तिच्या बापाला मी बोल लावत नाही. निंदणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि बाटली दोन तासांत सारा बांध साफ करते. टाकळ्याची मला तितकी काळजी नाही; तो चिवट आहे, रस्त्याच्या कडेलाही उगवेल. पण रस्त्याच्या धुळीतली आणि फवारलेल्या बांधावरची भाजी खाण्याजोगी नसते. आणि एकोणीस पाने एकमेकांपासून वेगळी ओळखणारी म्हातारी पुन्हा उगवत नाही. तिच्याकडून घ्यायचे ते तिच्या नातीनेच घ्यायला हवे, आणि ते आताच.

यंदाचा हंगाम सरला. पण पुढच्या आषाढात बाजारात जाल तेव्हा त्या गोणपाटापाशी थांबा. नाव विचारा, मग 'कशी करतात' तेही विचारा, आणि घासाघीस न करता एक जुडी घ्या. पैसे ती भाजीचेच घेईल. कृती फुकट सांगेल.