परीक्षा कोणती? आधी काम ठरवा!

माउलींची पालखी नातेपुत्याहून पुढं गेली, पाहुणे पांगले, अन् सूनबाईनं हळूच विचारलं, "आई, शेअरबाजाराची परीक्षा देऊ?" कुणीतरी तिला डेरिव्हेटिव्हजची सुचवली होती. नाव भारदस्त, पण पास व्हायला ६० टक्के, शिवाय चुकलं की पाव गुण वजा!

दोघींनी सेबीच्या 'एनआयएसएम' संस्थेची माहिती वाचली. ब्रोकरच्या ऑफिसातलं कागदोपत्री काम करायचं, तर सिरीज सेव्हन. गावात म्युच्युअल फंड समजावून द्यायचे, तर फाइव्ह-ए : १०० प्रश्न, २ तास, ५० गुणांना पास, वजाबाकी नाही. मग 'ॲम्फी'चा नोंदणी क्रमांक घ्यायचा. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

"मला घरूनच करता येईल ते हवं," ती म्हणाली. झालं, ठरलं! फी माझ्या भिशीतून भरली. हल्ली तिच्या खोलीतला दिवा बारापर्यंत जळतो. मैत्रिणींनो, मी तो मालवायला सांगत नाही.