बाक कोठे आहे? नवी मुंबईत ज्येष्ठांसाठी बिनखर्चाची भटकंती



1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या, भातखाचरांच्या व मिठागरांच्या भूमीवर नवी मुंबई आकार घेऊ लागली. 1992 मध्ये लोकल गाडी वाशीला पोचली. त्यानंतर गिरगाव, दादर, परळ येथील खोल्या सोडून कितीतरी तरुण कुटुंबे येथे आली. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली ही माणसे आज साठी ओलांडून पुढे गेली आहेत. त्यांच्या जोडीला गावचे घर बंद करून मुलांकडे राहावयास आलेले आईवडीलही आहेत. नोकरदारांसाठी आखलेल्या या शहरात आता वृद्धांची संख्या वाढते आहे, आणि दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानी पडतो : ‘डॉक्टर, आईला कोठे न्यावे? मॉलमध्ये खर्च होतो आणि तिथे तिचा जीवही रमत नाही.’

पैसे न मोजता किंवा अगदी थोडक्यात जाता येईल अशी ठिकाणे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांची ओळख करून देण्यापूर्वी हे बाहेर पडणे इतके महत्त्वाचे का, ते सांगतो.

आक्रसत जाणारे जग

वृद्ध माणूस एकदा पडला, मोठ्या आजारातून उठला किंवा जोडीदार गमावून बसला, की त्याचे जग हळूहळू आक्रसू लागते. आधी लोकलचा प्रवास सुटतो, मग बाजार, मग इमारतीखालचा कट्टा. घरातील माणसे प्रेमाने म्हणतात, ‘तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही आणून देतो.’ चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात आणि तोल बिघडतो. तोल बिघडला की पडण्याचे भय वाढते, आणि भयामुळे चालणे आणखी घटते. सकाळचा उजेड अंगावर न पडल्याने झोपेचे चक्रही विस्कटते. या साखळीवर गोळी नाही. ती तोडण्याचा मार्ग दाराबाहेरून जातो.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान 3 दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे. दहा मिनिटेही वाया जात नाहीत.

ठिकाण कसे निवडावे?

तरुण माणूस एखादे स्थळ तेथील दृश्यावरून निवडतो. ज्येष्ठांसाठी निवडताना चार प्रश्न विचारावेत. पहिला बाक उतरल्यापासून किती अंतरावर आहे? स्वच्छतागृह चालू स्थितीत आहे का? पायऱ्या व चढ किती आहेत? थकवा आल्यास रिक्षा कोठे मिळेल? कुटुंबातील कोणीतरी आधी एकदा एकट्याने जाऊन ही उत्तरे पाहून यावीत. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्कही बदलत असतात, त्यांचीही त्याच वेळी चौकशी होते.

खाडीकाठ आणि धारण तलाव

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी जाणार कोठे? म्हणून डच पद्धतीने येथे धारण तलाव बांधण्यात आले. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून झडपांची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की खाडीत उतरते. पुरापासून रक्षणासाठी केलेल्या या तलावांचे काठ आज शहराची फिरण्याची ठिकाणे झाले आहेत.

वाशीच्या सेक्टर 10 मधील मिनी सीशोर आणि जवळचे सागर विहार ही त्यांतली परिचित ठिकाणे. रविवारी संध्याकाळी मुलांची व फेरीवाल्यांची गर्दी असते. ज्यांना गोंगाट सोसत नाही, विशेषतः स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना, आठवड्यातील मधल्या दिवशी सकाळी न्यावे.

नेरूळमध्ये पाम बीच मार्गालगत ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आहे. पाण्याभोवती फिरणारी ही वाट सुंदर आहे, परंतु पूर्ण फेरी लांबची आहे. वर्तुळाकार वाटेवर अर्ध्यावर पोचलेल्या माणसाला परतीचा जवळचा रस्ता उरत नाही. म्हणून ज्येष्ठांनी फेरीचा हट्ट धरू नये. घड्याळ लावून दहा मिनिटे पुढे जावे, बसावे आणि आल्या वाटेने परतावे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करावा. छातीत दडपण, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

पाखरांचे वेळापत्रक

साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, हजारोंच्या संख्येने येतात. खाडीच्या पश्चिम अंगाचे अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून तिकीट काढून होडीने जाता येते. मात्र ज्यांना होडीत चढउतार झेपत नाही, त्यांच्यासाठी नेरूळचा डीपीएस शाळेजवळचा तलाव आणि टी. एस. चाणक्य संस्थेजवळची पाणथळ जागा आहे. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चोच उलटी बुडवून खातात आणि भरतीने चिखल झाकला की अशा पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट अडली, तर मात्र पक्षीही पाठ फिरवतात.

येथे आजी-आजोबांचे पंचांग उपयोगी पडते. पौर्णिमा व अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर दुपारची भरती बारा-एकच्या सुमारास असते आणि पुढे रोज सुमारे 50 मिनिटांनी उशिरा येते. म्हणजे चार-पाच दिवसांनी ती दुपारी चारच्या आसपास पडते, आणि उतरत्या उन्हात पक्षी पाहता येतात. आगरी-कोळी घरांतील वडीलधाऱ्यांना हे गणित तोंडपाठ असते. नातवंडांनी मोबाइलवर वेळ पाहावी, आजोबांनी तिथीवरून सांगावी आणि दोघांनी ताडून पाहावे.

बागा, ग्रंथालय, मेट्रो

कोपरखैरणे येथील निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर फुलवलेले आहे. ज्यांनी तेथे कचऱ्याचे ढीग पाहिले आहेत, त्यांच्यापाशी तेथील झाडांखाली बसून सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

ऊन वा पाऊस फार असेल, तेव्हा छताखालची जागा शोधावी. ऐरोलीच्या सेक्टर 15 मधील भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे आणि बाबासाहेबांचे जीवन उलगडणारी छायाचित्रे आहेत. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत वर्तमानपत्र, कॅरम आणि समवयस्कांच्या गप्पा मिळतात. एकटेपणा असलेल्या ज्येष्ठांना मी बागेच्याही आधी विरंगुळा केंद्र सुचवतो.

चालणे ज्यांना अगदीच कठीण आहे, त्यांच्यासाठी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या सुमारे 11 किलोमीटरच्या मार्गावर 11 स्थानके आहेत. गर्दीची वेळ टाळून खिडकीशी बसावे. पावसाळ्यात खारघरचे हिरवे डोंगर बसल्या जागेवरून पाहता येतात. वाटेत सेंट्रल पार्क स्थानकाजवळ सिडकोचे विस्तीर्ण उद्यान आहे. पांडवकडा धबधबा मात्र लांबूनच पाहावा. तेथे अनेकांचे जीव गेले आहेत.

निघण्यापूर्वी

वाढत्या वयात तहान लागल्याची जाणीव मंदावते. आमच्या दमट हवेत घाम मात्र भरपूर जातो. म्हणून पाणी सोबत ठेवावे व आठवणीने प्यावे. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे बरेच जण स्वच्छतागृहाच्या धास्तीने बाहेर पडत नाहीत, काही जण गोळी परस्पर चुकवतात. तसे करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. बाकावरून उठताना क्षणभर थांबून मगच पाऊल टाकावे. घरची सैल चप्पल टाळून पाय घट्ट धरणारे पादत्राण घालावे. काठी घेण्यात संकोच नको. उन्हाळ्यात 11 ते 4 घरातच बसावे. विसराळूपणा असल्यास नाव व घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

जे सांभाळतात त्यांच्यासाठी

खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बऱ्या झालेल्या एक आजी महिनोन्‌महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. हाड जुळले होते, धीर जुळला नव्हता. त्यांच्या सूनबाईही तेवढेच दिवस घरात अडकल्या होत्या, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही फक्त एवढेच ठरवले : पहिल्या आठवड्यात इमारतीच्या फाटकाजवळचा बाक, दुसऱ्या आठवड्यात बागेतला पहिला बाक. तिसऱ्या आठवड्यात आजींनीच पुढचा बाक दाखवला. त्यांची काठी सुटली नाही, पण रविवारची वाट पाहणे सुरू झाले. त्या तासापुरते मुलाने सोबत जायचे आणि सूनबाईंनी आपला वेळ आपल्या मनाप्रमाणे घालवायचा, हेही आम्ही ठरवले. सांभाळणारी व्यक्ती थकून गेली तर सांभाळणेही थांबते. म्हणून ही पाळी घरातल्यांनी वाटून घ्यावी.

कोठे जायचे, ते शक्यतो ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे. त्यांना पक्ष्यांऐवजी भाजीबाजार पाहावासा वाटेल, किंवा वाशीगावच्या, करावे गावच्या देवळापाशी टेकावेसे वाटेल. तेही उत्तमच. शहराचा आराखडा कागदावर येण्यापूर्वीपासून ही गावे येथे आहेत, आणि ‘थोडे बसा’ म्हणण्याची रीतही.

आपल्या घराजवळचा बाक मोडला असेल, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्याखाली इमारतीतील चार ज्येष्ठांच्या सह्या घ्याव्यात. आणि येत्या रविवारी, ऊन चढण्यापूर्वी, पहिल्या बाकापर्यंत तरी जाऊन यावे.